चाकाचं बेअरिंग घरी बदलताना: जाम झालेले नट, ड्रम आणि कड्या कशा सोडवायच्या

नवं बेअरिंग बसवायला मला वीस मिनिटं लागली. जुन्या बेअरिंगपर्यंत पोचायला अडीच दिवस. यूट्यूबवर दाखवतात त्या गाड्या कोरड्या मुलखातल्या असतात: पाना लावला, नट फिरला, ड्रम हातात आला. माझी गाडी जुनी, छोटी, मागच्या चाकांना ड्रम असलेली, आणि आधीच्या मालकानं ती सात-आठ वर्षं गोव्यात मिरामारला, समुद्राजवळ, उघड्यावर लावलेली. नट, वॉशर, ड्रम (ज्याच्या आत ब्रेक असतो), बेअरिंग (दोन कड्या आणि मधल्या गोळ्या) आणि स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) हे पाच वेगळे भाग आहेत असं मॅन्युअल म्हणत होतं. माझ्यासमोर एकच तांबूस गोळा होता.

हा लेख त्या गोळ्याबद्दल आहे. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला काय मोडेल, काय मोडलं तरी चालेल आणि कुठे थांबायचं हे कळावं म्हणून लिहितोय.

आधी गंजाचं गणित समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. गंज नुसता पृष्ठभागावर बसत नाही, तो फुगतो. ज्या लोखंडापासून तो तयार होतो त्याच्यापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमधली फट केसाहून बारीक. तिथे गंज धरला की तो पाचर ठोकल्यासारखा दोन्हीकडे दाबतो. आपल्याकडे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि किनाऱ्याला हवेत बारा महिने मीठ. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणजे पाऊस थांबला तरी गंजाचं काम चालूच. चोडणला किंवा दिवाडीला फेरीबोटीनं जाणाऱ्यांच्या गाड्या तर ओहोटीच्या वेळी धक्क्यावरच्या खाऱ्या चिखलातूनच वर चढतात. तो चिखल ड्रमच्या मागे जाऊन बसतो आणि कोणी धूत नाही.

तेव्हा झगडा ताकदीचा नाही. फटीत तेल शिरायला वेळ द्यायचा, आणि नंतर योग्य दिशेनं, योग्य जागी धक्का द्यायचा. आमच्या वाड्यावरचा मेस्त, म्हणजे मिस्त्री, मला पाईप घेऊन नटावर लटकताना बघून एवढंच म्हणाला होता, "बळ नाका रे, वेळ दी ताका" (जोर नको रे, त्याला वेळ दे). तोवर मी व्हील पान्याचं तोंड फाकवलेलं होतं.

बेअरिंगच गेलंय ना?

साठच्या आसपास वेगात घूंऽऽ असा आवाज, वेग वाढला की वाढणारा, क्लच दाबला तरी न बदलणारा: बेअरिंगवर संशय घ्या. टायर झिजला असला तरी असाच आवाज येतो, म्हणून वळणावर तपासा. फोंड्याहून बोरीकडे उतरताना डाव्या वळणाला गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. आवाज तेव्हा वाढला आणि उजव्या वळणाला कमी झाला तर बहुधा उजवीकडचं बेअरिंग. मग चाक उचलून वर आणि खाली हात धरून हलवा. खटखट लागली, किंवा चाक फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला तर करकर जाणवली, की खात्री झाली.

आता एक निर्णय. मागच्या चाकात बेअरिंग ड्रममध्येच बसवलेलं असेल, किंवा चार बोल्टांनी मागून आवळलेलं हब युनिट (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, बेअरिंगसकट) असेल, तर काम घरी होण्यासारखं आहे. पुढच्या चाकाचं बेअरिंग बहुतेक छोट्या गाड्यांत नकलमध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या जाड भागात) प्रेसनं दाबून बसवलेलं असतं. ते हातोड्यानं काढायला जाऊ नका. फार तर नकल सोडवून वर्कशॉपमध्ये घेऊन जा, हायड्रॉलिक प्रेसवर त्यांचं ते काम काही मिनिटांचं आहे. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तिचा सेन्सर कुठे आहे ते आधी पाहून ठेवा; गंजलेला सेन्सर उपटताना तुटला तर तो बेअरिंगपेक्षा महाग पडतो.

सामान, आणि दुकानाच्या वेळा

नवीन बेअरिंग, ऑइल सील, नवी स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घालतात ती), नवा एक्सल नट (मधला मोठा नट) आणि डस्ट कॅप आधीच आणून ठेवा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, पण तो गाडी उघडल्यावरच दिसणार. म्हणून दुकानात गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पुढचं की मागचं चाक हे सांगा. काम सकाळी लवकर सुरू करा. दुपारी एकला पिन मोडली तर आपल्याकडची स्पेअर पार्टची दुकानं साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत, आणि रविवार असेल तर सोमवारच. मी हे शनिवारी दुपारी शिकलो.

हत्यारांत जॅक आणि दोन भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करायचं नाही. या कामात आपण गाडीला मुद्दाम हादरे देणार आहोत, म्हणून हे दुप्पट महत्त्वाचं. चिरेही चालत नाहीत. जांभा दगड दिसतो दणकट, पण एकाच टोकावर भार आला की भुगा होतो. याशिवाय सहा कोनांचं सॉकेट, लांब दांडा, एक ते दीड किलोचा हातोडा, छिन्नी, पितळी किंवा तांब्याचा गज, दोन पायांचा पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार), तारेचा ब्रश, आणि चष्मा. चष्म्याचं कारण पुढे येईल. बारा कोनांचं सॉकेट घेऊ नका, गंजलेल्या नटाचे कोपरे तेच खातं.

तेलात बाजारातला कुठलाही पेनिट्रेटिंग स्प्रे चालेल. ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मंनिम्म मिसळून केलेलं मिश्रणही चांगलं शिरतं, वापरताना बाटली हलवत राहायची. रॉकेल-डिझेल मिसळून वापरणारे जुने लोक आहेत. चालतं, पण हळू.

दोन दिवस आधी

खरं काम इथे सुरू होतं. डस्ट कॅप काढा. ही पत्र्याची टोपी कडेला छिन्नीनं थोडं थोडं ठोकत, ड्रम फिरवत फिरवत वर आणायची असते. एकाच जागी जोर लावला तर ती अंडाकार होते आणि नंतर पाणी आत घेते. तशी ती किरकोळ किमतीची वस्तू, मोडली तर मोडली. माझ्या गाडीला तर टोपीच नव्हती. आधी कोणीतरी काढली आणि परत लावायचा कंटाळा केला. त्या कंटाळ्यानं माझे दोन दिवस खाल्ले.

आतला नट, आटे आणि स्प्लिट पिन तारेच्या ब्रशनं घासून कोरडी माती काढा. मातीवर तेल मारलं तर तेल मातीतच राहतं. मग तेल मारा, संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी परत, संध्याकाळी परत. मध्ये गाडी थोडी चालवलीत तर उत्तमच: चाक गरम होतं, थंड होतं, फट उघडझाप करते आणि तेल आत ओढलं जातं. चाकाच्या नटांनाही तेल द्या, पण बेतानं. भरमसाट स्प्रे मारला तर तो ड्रमच्या भोकांतून लायनरवर (ड्रमला आतून घासून ब्रेक धरणाऱ्या पट्टीवर) जातो. तेल प्यालेला लायनर ब्रेक धरत नाही, तो फेकूनच द्यावा लागतो.

चाक

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, हँडब्रेक ओढून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावून. हे नट साधारण 80 ते 110 न्यूटन-मीटरला आवळलेले असायला हवेत. पण टायरवाल्यांच्या बंदुकीनं ते किती आवळले जातात ते देवाला माहीत. अंदाज यावा म्हणून: साठ किलोचा माणूस तीस सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर पूर्ण उभा राहिला तर साधारण 180 न्यूटन-मीटर पडतात. मीटरभर पाईप चढवला तर तिप्पट. एवढ्या जोरात स्टड (चाकाचा नट ज्यावर चढतो तो बोल्ट) सहज तुटतो. म्हणून पाईपवर उड्या मारायच्या नाहीत. सावकाश भार वाढवायचा.

नट सुटले, गाडी स्टँडवर घेतली, आणि चाक जागचं हलत नाही? अलॉय चाकांत हे फार होतं. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकत्र, मध्ये खारं पाणी, म्हणजे मधल्या गोल भोकाशी पांढरी भुकटी धरते आणि चाक हबला डकतं. दोन नट दोन-तीन आटे परत चढवा, म्हणजे चाक अंगावर येणार नाही. मग पाठ गाडीकडे करून टाचेनं टायरच्या कडेवर लाथ मारा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, चाक थोडं फिरवून पुन्हा. बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या लाथेला "धप्प" करून सुटतं. रिमवर हातोडा नको. आणि हे करताना कोणीही, मुलं तर नाहीच, गाडीखाली नसावं.

स्प्लिट पिन आणि मोठा नट

काही गाड्यांत मधल्या नटाला मुकुटासारख्या खाचा असतात आणि त्यातून स्प्लिट पिन जाते. काहींत पिन नसते, नटाची कड स्पिंडलच्या खाचेत ठोकून दाबलेली असते. दुसऱ्या प्रकारात ती दाबलेली कड बारीक छिन्नीनं आधी वर उचला, पूर्ण. थोडी जरी खाचेत राहिली तर नट फिरताना आटे खरवडत येतो. असा नट परत वापरायचा नाही.

पिनचं सांगतो, कारण नवखा माणूस इथेच पहिला अडतो. पिनेचे वाकवलेले पाय सरळ करायला गेलात की ते तुटतात. गंजानं ते काडीसारखे झालेले असतात. तुटू द्या. डोक्याकडची बाजू कटिंग पकडीत घट्ट धरा आणि पकड नटावर टेकवून तरफेसारखी वाकवा. नुसतं ओढू नका. डोकंही तुटलं तर दोन्ही बाजू सपाट कापून बारीक पंचनं पलीकडे ठोका. तेही जमेना, तर भोकापेक्षा किंचित बारीक ड्रिलनं पोखरा. पिन मऊ लोखंडाची असते, ड्रिल चालतं. काही मेकॅनिक पिन तशीच ठेवून नटच फिरवतात आणि पिन कापून टाकतात. होतं तेही, पण कापलेले तुकडे आट्यांत अडकून स्पिंडल खराब झाल्याचं मी पाहिलंय, आणि स्पिंडल बदलायचं म्हणजे पगार गेला. मी तो मार्ग घेणार नाही.

आता मोठा नट. हा गाडीतल्या सगळ्यात घट्ट नटांपैकी एक, म्हणून शक्य असेल तर चाक परत लावून, गाडी जमिनीवर ठेवून, चाकाच्या मधल्या भोकातून सॉकेट घालून सोडवा. हँडब्रेक ओढलेला. आधी उघड्या आट्यांकडे नीट पाहा: काही जुन्या गाड्यांना एका बाजूला उलटे आटे असतात. अर्धा तास उलट्या दिशेनं जोर काढून नट आणखी घट्ट केल्यावर हे कळण्यात मजा नाही.

पहिला जोर सोडवायच्या दिशेनं लावू नका. आवळायच्या दिशेनं अगदी थोडासा द्या. गंजाचा थर फुटायला दिशा लागत नाही, हालचाल लागते. मग उलट. सुटताना "खट्ट" असा कोरडा आवाज आला तर तो शुभ. पाव वळसा फिरला की थांबा, तेल मारा, परत थोडा आवळा, परत सोडवा. मागे-पुढे, मागे-पुढे. तपकिरी तेल बाहेर येताना दिसेल. करकर वाढली तर परत आवळायची पाळी. आणि दांडा हाताला रबरासारखा, मऊ, आवाज न करता जाऊ लागला तर तिथल्या तिथे थांबा. नट सुटत नाहीये, आटे किंवा बोल्ट पिळला जातोय.

एवढ्यानंही ढिम्म असेल तर उष्णता. लोखंड तापलं की फुगतं: तीस मिलिमीटर व्यासाची कडी शंभर अंशांनी तापवली तर व्यास सुमारे 0.036 मिलिमीटरनं वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसवलेल्या भागांत पकडच मुळी मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. गॅसच्या छोट्या टॉर्चनं नट तापवा, स्पिंडल नाही. नट फुगला पाहिजे, आतला भाग थंड राहिला पाहिजे. लाल करायची गरज नाही, पाण्याचा थेंब चुर्र करून उडाला की पुरे. मग लाईट गेल्यावर लावायची साधी मेणबत्ती आट्यांना टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. माझा नट मेणानंच सुटला, तेलानं नाही.

उष्णतेबरोबर तीन गोष्टी लक्षात ठेवा. आधी मारलेलं तेल पूर्ण पुसा, अ‍ॅसिटोन मिसळलेलं असेल तर ते उडून जाऊ द्या. ब्रेकची रबरी नळी जवळ असेल तर ज्वाला वापरूच नका. आणि ब्रेक क्लीनर स्प्रे मारलेल्या भागाला आग दाखवू नका. काही क्लीनरांतून तापल्यावर विषारी वायू निघतो.

शेवटचा उपाय: नट कापणं. ग्राइंडरनं नटाच्या एका सपाट बाजूवर, आट्यांना न लागेल इतकी खोल चीर पाडा, चिरेत छिन्नी ठेवून एक जोरदार घाव घाला. नट उकलतो. नवा नट आणलेला आहेच.

ड्रम

इथून पुढे हँडब्रेक सोडायचा. हे विसरलं जातं, कारण आत्तापर्यंत तो ओढूनच काम चाललेलं असतं. मी स्वतः पाऊण तास ओढलेल्या हँडब्रेकविरुद्ध ड्रम ठोकत बसलो होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना अडण, मग हँडब्रेक खाली.

तरीही येत नसेल तर कारण दोनपैकी एक. एक, ड्रम आत झिजून त्याच्या तोंडाशी कड उभी राहिली आहे आणि लायनर त्या कडेला अडकतात. ड्रम थोडा बाहेर येऊन अडतो, फिरवला की मोकळा फिरतो, ही त्याची खूण. हँडब्रेकची केबल ढिली करा. मागच्या पत्र्यावर रबरी बुच असलेलं भोक असेल तर त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून अ‍ॅडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ-लांब करणारा भाग) कमी करता येतो; रचना गाडीप्रमाणे वेगळी, मॅन्युअल पाहा. दोन, बेअरिंगची आतली कडी स्पिंडलला गंजून बसली आहे. तेव्हा ड्रम जरासुद्धा पुढे येत नाही.

ड्रम हबपासून वेगळा असेल आणि त्याच्या चेहऱ्यावर आटे पाडलेली दोन रिकामी भोकं दिसली, तर ती ड्रम बाहेर ढकलण्यासाठीच आहेत. बहुतेक वेळा 8 मिलिमीटरचे बोल्ट बसतात. दोन्ही आलटून पालटून पाव-पाव वळसा आवळा. एकच आवळत नेलात तर ड्रम तिरका होऊन आणखी अडकतो.

बेअरिंग ड्रममध्येच असेल तर बाहेर ओढावं लागतं. गॅरेजमध्ये सरकत्या वजनाचा हातोडा असतो. घरी तो नसला तरी गाडीचं चाक आहे. मोठा नट तीन-चार आटे परत चढवून ठेवा, म्हणजे ड्रम उडून पायावर पडणार नाही. चाक स्टडवर चढवा आणि त्याचे नट अर्धेच फिरवा, म्हणजे चाक दोन-तीन सेंटीमीटर मागे-पुढे सरकेल. आता दोन्ही हातांनी चाक धरून झटक्यानं बाहेर ओढा. चाकाचं वजन नटांवर आदळतं आणि तो धक्का सरळ बाहेरच्या दिशेनं ड्रमला बसतो. दहा धक्के, थोडं तेल, चाक पाव फिरवून परत दहा. पाठ जपा, हात सरळ ठेवून शरीर मागे टाका. गाडी स्टँडवर नीट बसलीय का ते दर थोड्या वेळानं बघा.

मध्ये मध्ये हातोडाही चालतो, पण कुठे ते महत्त्वाचं. दोन स्टडच्या मधल्या जाड भागावर, लाकडाचा तुकडा मध्ये धरून. ड्रमच्या कडेवर कधीच नाही. ड्रम बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा असतो. कडेवरचा एक चुकीचा घाव आणि भेग. मागच्या बाजूनं छिन्नी घालून उचकायला गेलात तर पातळ पत्रा वाकतो आणि मग तो आयुष्यभर घासत राहतो.

ड्रम निघाला की आतली काळी पूड फुंकू नका, ब्लोअर तर नाहीच. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याचा हलका फवारा मारून ओल्या फडक्यानं पुसा.

स्पिंडलवर राहिलेली कडी

ड्रम आला, गोळ्या अंगणात घरंगळल्या आणि आतली कडी स्पिंडलवरच राहिली. हा प्रसंग आला म्हणजे बेअरिंग पूर्ण गेलेलं होतं. घाबरू नका, पण ही कडी काढताना मात्र घाई नको, कारण खालचं स्पिंडल आपल्याला परत वापरायचंय.

कडीच्या मागे नख जाईल एवढी जागा असेल तर पुलर लावा. पुलरचा मधला स्क्रू सरळ आट्यांच्या टोकावर टेकवू नका, जुना नट तिथे टोकाशी सपाट चढवून त्यावर टेकवा. स्क्रू ताणून धरा आणि मग कडीवर टॉर्चची ऊब द्या. ताण आणि उष्णता एकत्र आले की कडी अचानक सरकते.

पुलरला पकडच मिळत नसेल तर ग्राइंडर. कडीवर तिरपी चीर पाडायची, पण आरपार नाही. शेवटचा साधारण मिलिमीटर शिल्लक ठेवायचा. बेअरिंगचं पोलाद कडक आणि म्हणूनच ठिसूळ असतं. चिरेत छिन्नी ठेवून एक सरळ घाव घातला की "टक्" असा बारीक, काचेसारखा आवाज होतो आणि कडी तडकते. मग ती हातानं सरकते. तो आवाज ऐकला की ग्राइंडर परत लावू नका. चष्मा यासाठीच. हे पोलाद तडकतं तेव्हा कपची गोळीसारखी उडते. त्याच कारणानं कडीवर थेट पोलादी हातोडा मारायचा नाही, मध्ये पितळी गज हवा.

ड्रममधल्या बाहेरच्या कडीचं तंत्र वेगळं. ठोकायच्या आधी सगळी माती पुसून बॅटरीच्या उजेडात पाहा, खाचेत सर्क्लिप (बेअरिंग अडवून धरणारी स्प्रिंगच्या तारेची रिंग) आहे का. शेजारच्या काकांच्या गाडीचा ड्रम आम्ही दोघांनी मिळून पाऊण तास बडवला. चहा आला, आणि काकूंनीच विचारलं, "ही वायर कसली हो आत?" ती सर्क्लिप होती, गंजाखाली पूर्ण लपलेली. ती काढल्यावर बेअरिंग चार घावांत खाली पडलं.

सर्क्लिप नाही किंवा काढली, की ड्रम दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवा. मधला स्पेसर (दोन बेअरिंगमध्ये अंतर ठेवणारं नळकांडं) एका बाजूला सरकवा, म्हणजे पलीकडच्या बेअरिंगची कड दिसेल. पितळी गज तिथे टेकवून घाव घाला: एक वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूला मारत राहिलात तर बेअरिंग तिरकं होऊन घर खरवडतं. नुसतीच बाहेरची कडी अडकून राहिली असेल आणि तिला पकडायला कड नसेल, तर ड्रम उचलून जवळच्या ग्रिलवाल्याकडे न्या. कडीच्या आतल्या बाजूनं वेल्डिंगची एक रेघ गोल फिरवली की थंड होताना ती आकसते आणि बऱ्याचदा आपोआप गळून पडते.

परत बसवताना

स्पिंडल बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा. बोटाला ओरखडा लागला तर तो नव्या सीलला कापणार. डस्ट कॅप किंवा वॉशर गंजलेले पण शाबूत असतील तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, माडाच्या सुरेचं असेल तरी चालतं, सकाळी ब्रशनं गंज निघतो. बेअरिंगला मात्र आम्ल दाखवू नका.

नवं बेअरिंग पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये. आमच्याकडे ते बांगडे माशांच्या शेजारी होतं, त्यावरून जे ऐकायचं ते ऐकलं. ड्रम सकाळच्या उन्हात तापत ठेवा. साठ मिलिमीटरच्या बेअरिंगमध्ये पन्नास अंशांच्या फरकानंही व्यास 0.036 मिलिमीटरनं कमी होतो, म्हणजे शिरताना निम्मी मारामारी वाचते. पण आपल्या दमट हवेत थंड बेअरिंगवर लगेच दव धरतं. पिशवीतून काढल्यावर गप्पा मारू नका, पुसा, ऑइलचा हात फिरवा आणि बसवा. ड्रममध्ये ठोकताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर, स्पिंडलवर चढवताना फक्त आतल्या कडीवर. चुकीच्या कडीवर मारलेला घाव गोळ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणायला लागतं. ठोकण्यासाठी जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी ग्राइंडरवर थोडी घासून घ्या, मापाचं हत्यार फुकटात तयार. दोन बेअरिंगमधला स्पेसर राहिला नाही ना, हे ड्रम चढवायच्या आधी बघा.

नवा नट टॉर्क पान्यानं (ठरवलेल्या जोरालाच आवळणाऱ्या), तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. छोट्या गाड्यांत तो बहुधा 100 ते 200 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला वापरू नका. जुन्या जीपसारख्या गाडीत टेपर रोलर बेअरिंग असेल तर हा नियमच लागू नाही. तिथे नट आवळून परत थोडा सोडायचा असतो, चाक मोकळं फिरेल पण हलणार नाही इतपत. पिन नवी, टोपी नवी. टोपीची कड ग्रीसच्या पातळ थरावर बसवा. चाक जिथे हबला टेकतं त्या गोल कडेवरही अँटी-सीझचा (भाग जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा) पुसट हात, पण स्टडच्या आट्यांना आणि लायनरला नाही.

ब्रेक पेडल दोन-चारदा दाबून कडक झालं की हँडब्रेकची केबल परत जुळवा. वाड्यातल्या वाड्यात ब्रेक मारून पाहा, मगच हमरस्त्यावर. दहा किलोमीटरवर थांबून दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यभागी हात जवळ न्या. नवं चाक दुसऱ्यापेक्षा फारच तापलं असेल तर नट, स्पेसर किंवा ब्रेक यांपैकी काहीतरी चुकलंय, पुढे जाऊ नका. सगळं ठीक असेल तर शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट एकदा परत टॉर्क पान्यानं तपासा. आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला आत्ताच, पावसाआधी, टोपी आहे का तेवढं बघून घ्या.